क्षारपड जमिनीतील चारापिके व ठिबक सिंचन

क्षारपड जमिनीत ठिबक सिंचन व सिंचनातून दिलेली विद्राव्य खते यांच्या साहाय्याने जनावरांसाठी वैरण पिकविण्याच्या पद्धतीचा विचार या लेखात केला आहे. ज्या जमिनीत धान्य, कडधान्ये किंवा ऊस समाधानकारक येत नाही, तिथेही क्षारसहनशील गवते व काही द्विदल चारापिके तग धरू शकतात. चारापिकाचे उत्पन्न पाने व खोड यांच्या रूपात मिळते. त्यामुळे फुलोरा व दाणे भरण्याच्या काळात क्षारांमुळे होणारे नुकसान येथे तितके निर्णायक ठरत नाही. अनेक चारापिके एका लागवडीनंतर वर्षानुवर्षे कापता येतात, म्हणून उगवणीचा नाजूक टप्पाही एकदाच पार करावा लागतो.

ठिबक सिंचनाने जमिनीतील क्षार नाहीसे होत नाहीत, तर त्यांची जागा बदलते. मुळांभोवतीचा ओला भाग कमी खारट राहतो आणि क्षार त्या भागाच्या कडेला जाऊन साठतात. ही सोय किती काळ टिकेल, हे निचरा, निक्षालन, पाण्याची प्रत आणि खतांची निवड यांवर अवलंबून असते. निचरा नसलेल्या शेतात ठिबक सिंचन हा क्षारतेवरील कायमचा उपाय ठरत नाही.

== क्षारपड जमिनीचे प्रकार ==

मराठीत ‘क्षारपड’ हा शब्द व्यापक अर्थाने वापरला जातो. शास्त्रीय वर्गीकरणात तीन प्रकार मानतात. अमेरिकेतील रिव्हरसाइड येथील क्षारता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेले निकष आजही पायाभूत समजले जातात.

* '''क्षारयुक्त जमीन:''' संपृक्त मातीच्या अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त, विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांपेक्षा कमी आणि सामू सर्वसाधारणपणे ८.५ पेक्षा कमी असतो. उन्हाळ्यात पृष्ठभागावर पांढरा थर दिसतो.
* '''चोपण जमीन:''' विद्युतवाहकता ४ पेक्षा कमी, परंतु विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांपेक्षा जास्त आणि सामू ८.५ पेक्षा अधिक असतो. मातीचे कण सुटे होतात. ओली असताना ती चिकट होते, तर वाळल्यावर कठीण बनते. पाणी मुरत नाही.
* '''क्षारयुक्त-चोपण जमीन:''' विद्राव्य क्षार व विनिमयक्षम सोडियम दोन्ही जास्त असतात.

हा भेद व्यवहारात महत्त्वाचा आहे. क्षारयुक्त जमिनीतील क्षार पुरेसे पाणी व निचरा असल्यास धुऊन जातात. चोपण जमिनीत मात्र आधी सोडियमच्या जागी कॅल्शियम आणावा लागतो. त्यासाठी जिप्सम वापरतात. मातीत चुनखडी मुबलक असल्यास गंधकाचाही उपयोग होतो, कारण गंधकापासून तयार होणारे आम्ल चुनखडीतील कॅल्शियम मोकळा करते. जिप्सम न देता चोपण जमिनीत कमी क्षारांचे पाणी सोडत राहिल्यास मातीची रचना आणखी बिघडते.

माती परीक्षणाचा अहवाल वाचताना अर्क कोणत्या पद्धतीने काढला आहे हे पाहणे आवश्यक असते. वरील ४ ही मर्यादा संपृक्त अर्कासाठी आहे. अनेक प्रयोगशाळा एक भाग माती व अडीच भाग पाणी या मिश्रणाची विद्युतवाहकता देतात. पाणी जास्त असल्याने तो आकडा बराच कमी येतो, म्हणून त्याची तुलना थेट या मर्यादेशी करता येत नाही.

== क्षारांचा वनस्पतींवरील परिणाम ==

क्षार वनस्पतीवर तीन प्रकारे परिणाम करतात. पहिला परिणाम परासरणाचा असतो. मातीतील पाण्यात क्षार वाढले की मुळांना ते शोषून घेणे अवघड जाते. विद्युतवाहकता १ डेसिसायमन प्रति मीटरने वाढली, की पाण्याचे परासरण विभव सुमारे ०.०३६ मेगापास्कलने घटते. त्यामुळे माती ओली दिसत असूनही पीक कोमेजते. दुसरा परिणाम सोडियम, क्लोराइड व बोरॉन यांच्या विषारीपणाचा असतो. पानांच्या कडा करपणे हे त्याचे नेहमीचे लक्षण आहे. तिसरा परिणाम पोषणाचा असतो. सोडियममुळे पालाश व कॅल्शियमचे, तर क्लोराइडमुळे नायट्रेटचे शोषण कमी होते. जास्त सामूच्या जमिनीत जस्त व लोह पिकाला सहज मिळत नाहीत.

माती सुकू लागली की उरलेल्या पाण्यातील क्षारांची तीव्रता वाढते. दोन पाळ्यांमधील अंतर जास्त असल्यास पिकाला पाण्याची टंचाई व वाढलेली क्षारता असे दोन्ही ताण एकाच वेळी सोसावे लागतात. ठिबक सिंचनाने रोज किंवा दिवसाआड थोडे पाणी देऊन जमीन सतत वाफशाच्या जवळ ठेवता येते. खारट पाणी पानांवर पडत नसल्याने तुषार सिंचनात होणारी पानांची करपही टळते.

== चारापिकांची क्षारसहनशीलता ==

मास व हॉफमन यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार प्रत्येक पिकाची एक सहनमर्यादा असते. मातीची क्षारता त्या मर्यादेपर्यंत असली, तर उत्पन्न घटत नाही. त्यापुढे प्रत्येक डेसिसायमनला ते ठरावीक टक्क्यांनी घटते. काही चारापिकांचे प्रचलित आकडे व त्यांवरून काढलेले सापेक्ष उत्पन्न पुढे दिले आहे. क्षारतेचे सर्व आकडे संपृक्त अर्काचे असून डेसिसायमन प्रति मीटरमध्ये आहेत.

| पीक | सहनमर्यादा | पुढील प्रत्येक एककास घट (%) | क्षारता ६ असता उत्पन्न (%) | क्षारता १० असता उत्पन्न (%) |
|---|---|---|---|---|
| बरसीम | १.५ | ५.७ | ७४ | ५२ |
| मका (चाऱ्यासाठी) | १.८ | ७.४ | ६९ | ३९ |
| लसूणघास | २.० | ७.३ | ७१ | ४२ |
| चवळी (चाऱ्यासाठी) | २.५ | ११ | ६२ | १८ |
| सुदान गवत | २.८ | ४.३ | ८६ | ६९ |
| सातू (चाऱ्यासाठी) | ६.० | ७.१ | १०० | ७२ |
| हरळी | ६.९ | ६.४ | १०० | ८० |
| उंच व्हीटग्रास | ७.५ | ४.२ | १०० | ९० |

हे आकडे पिकांची परस्पर तुलना करण्यासाठी उपयोगी आहेत. वाण, हवामान व जमिनीतील ओलावा यांनुसार प्रत्यक्ष उत्पन्न बदलते. उगवणीच्या व रोपावस्थेच्या काळात बहुतेक पिके वाढ झालेल्या पिकापेक्षा अधिक संवेदनशील असतात.

चोपण जमिनीसाठी कर्नाल गवत व पॅरा गवत ही विशेष उपयोगी मानली जातात. दोन्ही गवते काही काळ साचलेले पाणी सहन करतात. कर्नाल गवत व ऱ्होड्स गवत यांच्या पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतून जादा क्षार बाहेर टाकले जातात. अत्यंत खारट जमिनीत सॉल्टबुशसारखी क्षारप्रिय झुडपे वाढतात, पण ती एकटी जनावरांचा पूर्ण आहार होऊ शकत नाहीत.

== ठिबक सिंचनाखाली क्षारांची हालचाल ==

ड्रीपरमधून पडणारे पाणी जमिनीत कांद्याच्या आकाराचा ओला भाग तयार करते. ड्रीपरच्या लगेच खाली सतत नवे पाणी येत असल्याने तिथली क्षारता सिंचनाच्या पाण्याच्या जवळपास राहते व बहुतेक कार्यक्षम मुळे त्याच भागात वाढतात. पाणी बाहेरच्या बाजूस सरकताना क्षारही सोबत नेते. पाण्याचा काही भाग मुळे शोषतात, काहीची वाफ होते आणि क्षार मागे उरतात. त्यामुळे ओल्या भागाच्या कडेला व दोन उपनळ्यांच्या मध्यभागी पृष्ठभागावर क्षारांचा पट्टा दिसतो.

वालुकामय जमिनीत हा ओला भाग अरुंद व खोल असतो, तर भारी काळ्या जमिनीत रुंद व उथळ असतो. काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरते, म्हणून कमी प्रवाहाचे ड्रीपर योग्य ठरतात. जास्त प्रवाहामुळे पाणी पृष्ठभागावर साचते आणि क्षार अनियमितपणे पसरतात.

या रचनेत एक धोका असतो. हंगामातील पहिला हलका पाऊस कडेला साठलेले क्षार पुन्हा मुळांच्या भागात ढकलतो. त्यामुळे पाऊस पडत असतानाही पिकाला अचानक ताण बसतो. अशा वेळी ठिबक संच बंद न करता सुरू ठेवण्याची शिफारस केली जाते, म्हणजे पाण्याचा प्रवाह मुळांपासून बाहेरच्या दिशेने कायम राहतो. दमदार पावसाने क्षार खोल गेल्यावर संच थांबविता येतो.

== संचाची आखणी व लागवड ==

चारापिके दाट पेरली जातात व वारंवार कापली जातात. म्हणून फळबागेसाठी वापरली जाणारी आखणी येथे जशीच्या तशी चालत नाही. संकरित नेपिअरसारख्या ठोंबांनी लावल्या जाणाऱ्या गवतांसाठी जोडओळ पद्धत सोयीची असते. दोन ओळींच्या मधून एक उपनळी जाते व जोडओळींमधील रिकाम्या पट्ट्यातून विळ्याने कापणी करता येते. कापणीच्या वेळी नळ्या तुटू नयेत म्हणून त्या आधी बाजूला घेतात, मात्र नंतर त्याच जागी ठेवाव्या लागतात. नळी सरकली, तर पूर्वीचा क्षारांचा पट्टा नेमका मुळांवर येतो.

लसूणघासासारख्या बहुवर्षायू पिकात उपनळ्या जमिनीखाली साधारण ३० ते ४५ सेंटिमीटरवर गाडण्याची पद्धतही आहे. त्यामुळे यंत्राने कापणी करता येते आणि पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवन घटते. मात्र नळीच्या वरच्या थरात पाणी केवळ वर चढते, खाली धुऊन जात नाही. त्यामुळे क्षार पृष्ठभागाजवळ साठतात. अशा शेतात बियाणे उगवण्यासाठी पाऊस, तुषार सिंचन किंवा पाटपाणी यांची जोड द्यावी लागते.

पेरणी पावसाने वरच्या थरातील क्षार धुतले गेल्यानंतर करणे फायद्याचे असते. बियाणे ड्रीपरच्या जवळ, ओल्या भागात पडेल अशी ओळींची रचना करतात. सरी-वरंबा असल्यास वरंब्याच्या माथ्यावर क्षार सर्वाधिक साठतात, म्हणून बी माथ्यावर न टाकता बगलेत टोकतात. पाचट किंवा अन्य आच्छादनाने बाष्पीभवन कमी होते व क्षार वर येण्याचा वेग मंदावतो.

== निक्षालन व निचरा ==

सिंचनाचे प्रत्येक पाणी जमिनीत क्षार आणते. १.५ डेसिसायमन प्रति मीटर विद्युतवाहकतेच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ०.९६ ग्रॅम क्षार असतात. अशा पाण्याची वर्षभरात १,००० मिलिमीटर मात्रा दिली, तर एका हेक्टरवर सुमारे ९.६ टन क्षार येतात. ठिबकामुळे तीच गरज ६०० मिलिमीटरवर आली, तरी ५.८ टन क्षार येतातच. कापलेल्या चाऱ्याबरोबर त्यांतील थोडाच भाग शेताबाहेर जातो.

हे क्षार मुळांच्या खाली लोटण्यासाठी पिकाच्या गरजेपेक्षा थोडे जादा पाणी द्यावे लागते. या जादा पाण्याच्या हिश्श्यास निक्षालन अंश म्हणतात. त्याचे प्रचलित सूत्र असे आहे:

निक्षालन अंश = पाण्याची विद्युतवाहकता ÷ (५ × मातीची स्वीकार्य विद्युतवाहकता − पाण्याची विद्युतवाहकता)

उदाहरणार्थ, लसूणघासाचे ९० टक्के उत्पन्न अपेक्षित असल्यास मातीची स्वीकार्य क्षारता सुमारे ३.४ इतकी येते. पाण्याची विद्युतवाहकता १.५ असल्यास निक्षालन अंश १.५ ÷ १५.५, म्हणजे जवळपास १० टक्के येतो. पिकाची रोजची गरज ६ मिलिमीटर असेल, तर ती ०.९ ने भागून सुमारे ६.७ मिलिमीटर पाणी द्यावे लागते. पुरेसा पाऊस होणाऱ्या भागात या कामाचा काही वाटा पावसाळाच उचलतो.

हे जादा पाणी खाली जाऊन शेताबाहेर पडले, तरच निक्षालनाचा उपयोग होतो. भूजल पातळी उथळ असल्यास खाली गेलेले क्षार केशाकर्षणाने पुन्हा वर येतात. अशा ठिकाणी आधी उघडे चर किंवा जमिनीखालील सच्छिद्र पाईप यांची निचरा योजना आवश्यक असते. निचऱ्याचे पाणी ओढ्यात किंवा नदीत सोडल्यास क्षार व नायट्रेट खालच्या गावांच्या पाण्यात मिसळतात. त्यामुळे निचऱ्याची व्यवस्था एका शेतापुरती न पाहता पाणलोटाच्या पातळीवर आखावी लागते.

== खत व्यवस्थापन ==

रासायनिक खते हीसुद्धा क्षारच आहेत. त्यांच्या परासरणावरील प्रभावाची तुलना करण्यासाठी १९४३ मध्ये क्षारता निर्देशांकाची कल्पना मांडण्यात आली. सोडियम नायट्रेटचा निर्देशांक १०० धरल्यास म्युरेट ऑफ पोटॅशचा सुमारे ११६, युरियाचा ७५ व सल्फेट ऑफ पोटॅशचा ४६ येतो. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश विरघळविल्यास विद्युतवाहकता सुमारे १.९ डेसिसायमन प्रति मीटरने वाढते आणि क्लोराइडही वाढते. म्हणून खारट जमिनीत पालाशासाठी सल्फेट ऑफ पोटॅश किंवा पोटॅशियम नायट्रेट अधिक सुरक्षित मानतात, परंतु ही खते महाग असतात. युरियाचे आयनीभवन होत नसल्याने त्याच्या द्रावणाची वाढ विद्युतवाहकता मापकावर दिसत नाही. मापकाचा आकडा कमी आला म्हणजे द्रावण निर्धोक आहे, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही.

ठिबकातून खत देण्याचा फायदा असा, की एकदम मोठी मात्रा न देता ती कापणीनंतरच्या वाढीनुसार लहान हप्त्यांत विभागता येते. सिंचनाच्या कालावधीचे तीन भाग करून पहिल्या भागात साधे पाणी, मधल्या भागात खत व शेवटच्या भागात पुन्हा साधे पाणी देण्याची पद्धत रूढ आहे. शेवटच्या पाण्याने नळ्या स्वच्छ होतात. मात्र ते फार वेळ दिल्यास नायट्रेट मुळांच्या बाहेर जाते. नायट्रेट पाण्याबरोबर क्षारांच्याच वाटेने सरकत असल्याने निक्षालनाचे मोठे पाणी व नत्राचा हप्ता एकत्र देत नाहीत. आधी निक्षालन व नंतर नत्र असा क्रम ठेवतात.

वारंवार कापणी होणाऱ्या पिकांतून अन्नद्रव्ये मोठ्या प्रमाणात शेताबाहेर जातात. एक टन कोरड्या लसूणघासाबरोबर सुमारे २० ते २५ किलो पालाश मूलद्रव्य उचलले जाते. लसूणघास, बरसीम व चवळी यांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. क्षारता वाढल्यास गाठी कमी होतात व पिकाला थोडे नत्र बाहेरून द्यावे लागते. जास्त सामूच्या जमिनीत पृष्ठभागावर टाकलेल्या युरियातील नत्र अमोनिया वायूच्या रूपात उडून जाते. ठिबकाच्या पाण्याबरोबर तो जमिनीत मुरल्यास ही हानी घटते.

कॅल्शियमयुक्त खते फॉस्फेट किंवा सल्फेटयुक्त खतांसोबत एकाच टाकीत मिसळत नाहीत, कारण न विरघळणारा साका तयार होऊन ड्रीपर बंद पडतात. बायकार्बोनेट व कॅल्शियम जास्त असलेल्या पाण्यातही चुन्याचा थर बसतो. तो काढण्यासाठी ठरावीक काळाने आम्लप्रक्रिया करतात. शेणखत, कंपोस्ट आणि ताग किंवा धैंचा यांचे हिरवळीचे खत मातीची रचना सुधारतात व पाणी मुरण्यास मदत करतात.

क्षारता हाच मुख्य अडथळा असेल, तर खताची मात्रा वाढवून उत्पन्न वाढत नाही. उलट मुळांभोवतीची क्षारता वाढते. त्यामुळे प्रत्यक्ष अपेक्षित उत्पन्नानुसारच मात्रा ठरविणे इष्ट असते.

== चाऱ्याची गुणवत्ता व जनावरांचे आरोग्य ==

खारट जमिनीतील चाऱ्याचे मूल्य केवळ वजनावर ठरविता येत नाही. क्षारप्रिय झुडपांच्या पानांत राखेचे प्रमाण कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक असू शकते. असा चारा जनावरे कमी खातात व त्यांना गोडे पाणी अधिक लागते. म्हणून तो कडबा किंवा इतर गवतात मिसळून देतात.

ज्वारी व सुदान गवताच्या कोवळ्या अथवा ताण बसलेल्या पिकात विषारी हायड्रोसायनिक आम्ल तयार करणारे द्रव्य जास्त असते. त्यामुळे ही पिके फुलोऱ्यात आल्यावर कापतात. नत्राच्या मोठ्या मात्रेनंतर वाढ थांबलेल्या पिकात नायट्रेट साठते. चारा वाळविल्याने हायड्रोसायनिक आम्लाचा धोका कमी होतो, परंतु नायट्रेट कमी होत नाही. मुरघास केल्याने नायट्रेट काही प्रमाणात घटते. संकरित नेपिअरमधील ऑक्झलेट कॅल्शियमचे शोषण कमी करते, म्हणून या गवतासोबत द्विदल चारा व खनिज मिश्रण देणे हितावह असते.

== महाराष्ट्रातील स्थिती ==

महाराष्ट्रात सुमारे ६ लाख हेक्टर जमीन क्षारबाधित असल्याचे मानले जाते. तिची कारणे प्रदेशानुसार वेगळी आहेत. नीरा, कृष्णा व पंचगंगा यांच्या खोऱ्यांतील भारी काळ्या जमिनीत कालव्यांचे व उपशाचे पाणी, पाटाने दिलेले अतिरिक्त सिंचन आणि अपुरा निचरा यांमुळे क्षार वर आले. ऊस हे येथील मुख्य पीक आहे. त्याची सहनमर्यादा १.७ डेसिसायमन प्रति मीटर इतकीच असल्याने त्याचे उत्पन्न लवकर घटते. सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत, विशेषतः शिरोळ तालुक्यात, जमिनीखालील सच्छिद्र पाईपांच्या सामूहिक निचरा योजना राबविल्या गेल्या आहेत.

विदर्भातील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात भूजलच खारट असून जमिनीत चोपणपणा आढळतो. तिथे विहिरीचे पाणी ठिबकाने देण्यापूर्वी पाण्याचे परीक्षण व जिप्समचा विचार आवश्यक ठरतो. कोकणातील खारजमिनींत भरतीचे पाणी शिरल्याने क्षारता येते. मुसळधार पावसाने ती पावसाळ्यात उतरते आणि उन्हाळ्यात पुन्हा वाढते. या जमिनींच्या बांधबंदिस्तीसाठी महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम, १९७९ हा कायदा आहे.

राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने यशवंत व फुले जयवंत हे संकरित नेपिअरचे वाण आणि आर.एल.-८८ हा लसूणघासाचा वाण प्रसारित केला आहे. राष्ट्रीय पातळीवर कर्नाल येथील केंद्रीय मृदा क्षारता संशोधन संस्था (स्थापना १९६९) व झाशी येथील भारतीय गवत व चारा संशोधन संस्था (स्थापना १९६२) या विषयांवर कार्य करतात.

== इतर देशांतील अनुभव ==

आधुनिक ठिबक सिंचनाचे व्यापारी उत्पादन १९६५ मध्ये इस्रायलच्या नेगेव प्रदेशातील हात्झेरिम येथे सुरू झाले. सिम्खा ब्लास यांचे संशोधन त्यामागे होते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या सॅन होआकिन खोऱ्यात निचऱ्याचे खारट पाणी हरळी व उंच व्हीटग्राससारख्या गवतांसाठी पुन्हा वापरण्याचे प्रयोग झाले. दुबई येथे १९९९ मध्ये स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय जैवक्षार कृषी केंद्र खारट पाण्यावर वाढणाऱ्या चारापिकांवर संशोधन करते.

== मर्यादा ==

ठिबक संचाचा प्रारंभिक खर्च मोठा असतो आणि चाऱ्यापासून मिळणारे थेट उत्पन्न फळे किंवा भाजीपाल्याच्या तुलनेत कमी असते. म्हणून ही पद्धत दुग्धव्यवसायाशी जोडलेली असल्यास अधिक परवडते. उंदीर व कापणीची अवजारे यांमुळे नळ्यांचे नुकसान होते आणि गाळण यंत्रणेची नियमित देखभाल करावी लागते. पाण्याची बचत होते म्हणून निक्षालनाचे पाणीही तोडले, तर काही वर्षांत क्षारांचा पट्टा मुळांपर्यंत पोहोचतो. त्यामुळे ओळीजवळची, दोन ओळींमधील व खोल थरातील माती दरवर्षी वेगवेगळी तपासून घेणे हा या पद्धतीचा आवश्यक भाग मानला जातो.

== हेही पाहा ==

* ठिबक सिंचन
* माती परीक्षण
* लसूणघास
* मुरघास
* खारजमीन